पंधरा आपले, एक संस्थेचा

एकाच नोकरीसाठी एकोणीस वेळा मुलाखत दिलेला आणि एकोणीसही वेळा निवडला गेलेला माणूस मी पाहिला आहे. मुलाखत घेणारे तेच, टेबल तेच, चहाचे कपही तेच. तरी दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्य त्याला विचारायचे, "आपलं नाव?" आणि तो खुर्चीच्या टोकावर बसून सांगायचा, "पुंडलिक नन्नावरे, सर." मग पुढचा प्रश्न, "बेसबॉल म्हणजे काय, थोडक्यात सांगा." तो थोडक्यात सांगायचा. समितीतल्या एकालाही तो खेळ सुरुवातीला कळला नाही आणि एकोणिसाव्या वर्षीही नाही. मग त्याला अकरा महिन्यांचं पत्र मिळायचं.

बारावा महिना जूनचा. त्या महिन्यात नन्नावरे सर कोणीच नसायचे. कॉलेजच्या भाषेत त्याला ब्रेक म्हणतात. सलग काम केलं तर माणूस उद्या कायम होण्याचा हक्क मागेल, ही संस्थेची भीती. म्हणून वर्षातून एक महिना त्याला फळ्यावरून पुसायचं आणि जुलैत पुन्हा खडूने लिहायचं.

कॉलेज नागपुरातलं आहे, मी तिथे सरांच्या संघात खेळायचो. नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. एरवी मी पत्रकं लिहितो, कंत्राटी शिक्षकांच्या बाजूने, आणि त्यात नावं ठणकावून घालतो. इथे का घातली नाहीत ते पुढे येईल.

सर उमरेडकडचे. कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे, आणि कबड्डी शिकवायलाच कॉलेजात लागले होते. पहिल्याच वर्षी संस्थेच्या सचिवांना कुठून तरी समजलं की बेसबॉलला राज्यात संघच कमी आहेत, तेव्हा पदक लवकर हाती लागतं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "नन्नावरे, उद्यापासून तुम्ही बेसबॉल." सर म्हणाले, "हो साहेब." तोवर त्यांनी तो खेळ पाहिलेलाही नव्हता. दहा दिवसांच्या शिबिराला गेले, येताना नियमांचं एक पुस्तक, एक ग्लोव्ह आणि सुजलेला अंगठा घेऊन आले, आणि प्रशिक्षक झाले. आपल्याकडे पुष्कळ लोक असेच काही ना काही झालेले आहेत. नन्नावरे सरांची गडबड एवढीच की ते त्यानंतर खरोखर शिकत बसले.

पुस्तक इंग्रजी होतं. सरांनी शब्दकोश घेऊन ते एका दोनशे पानी वहीत उतरवलं आणि उतरवताना खेळ आपल्या गावाला आणून ठेवला. मैदानावर चार ठिकाणी पिशव्या ठेवतात, खेळाडूने त्या क्रमाने गाठत पुन्हा सुरुवातीला यायचं असतं. पहिल्या तीन पिशव्यांना सर नाकी म्हणायचे. पहिलं नाकं, दुसरं नाकं, तिसरं नाकं. चौथं घर. घरी पोचला की गुण. त्यामुळे संध्याकाळी आमच्या मैदानाच्या भिंतीपलीकडून जाणाऱ्यांना रोज एक माणूस कळवळून ओरडताना ऐकू यायचा, "घरी ये गा, घरी ये, थांबू नको." एक आजोबा एकदा आत येऊन विचारून गेले, पोरगा सापडला का म्हणून.

समोरच्या संघाचं लक्ष नसताना पुढच्या नाक्यावर पळून जाणं नियमात बसतं. त्याला सर चोरी म्हणायचे, कारण पुस्तकातही तेच लिहिलेलं. आमच्या संघातला सगळ्यांत वेगवान पोरगा प्रवीण. त्याची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होती. पोरगा रोज संध्याकाळी कुठे जातो ते बघायला ती एक दिवस ड्युटीवरून थेट मैदानावर आली, डबा हातात. नेमके तेव्हा सर ओरडत होते, "चोरी कर प्रवीण, चोरी कर बे, कोणी पाहून नाही राहिलं."

बाई तिथेच थांबली. म्हणाली, "सर, हे का शिकवून राहिले तुम्ही पोराले?"

सरांनी तिला पायरीवर बसवलं, तिच्या डब्याचे चार पुडे जमिनीवर मांडले आणि अख्खा खेळ समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा परत लावत म्हणाली, "ते सारं ठीक आहे. पण घरी येईन ना हा?"

"घरी आला तरच गुण भेटते, माय."

"मंग शिकवा."

हा प्रवीण लक्षात ठेवा.

बेसबॉलची बॅट नागपुरात खेळाची वस्तू म्हणून कोणी ओळखत नाही. ती गाडीच्या डिकीत ठेवायची वस्तू आहे. सर स्कूटरवर पुढे सहा बॅटी उभ्या ठेवून निघाले की नाकाबंदीवाल्या पोलिसाचा चेहरा उजळायचा. पहिल्यांदा अडवलं तेव्हा सरांनी तासभर नियम समजावले. शेवटी हवालदाराने विचारलं, "मंग यात ओव्हरी किती असतेत?" सर म्हणाले, "ओव्हरी नसतेत साहेब." हवालदार म्हणाला, "मंग हा खेळ नाही. ठाण्यात चला." पुढे प्राचार्यांनी एक पत्र दिलं की सदर बॅटी खेळासाठी आहेत. सरांनी ते प्लास्टिकमध्ये बंद करून स्कूटरच्या हँडलला लटकवलं. पण जूनमध्ये सर कर्मचारीच नसायचे, म्हणजे पत्रही खोटं. एका जूनमध्ये स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बॅटीसकट त्यांना पुन्हा अडवलं तेव्हा त्यांनी ते पत्र पुढे केलंच नाही. म्हणाले, "साहेब, या महिन्यात हे चालत नाही." इतका प्रामाणिकपणा मी कुठल्याही आंदोलनात पाहिलेला नाही. त्याचा उपयोग झाला असता तर कौतुकही केलं असतं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं ठाण्यात.

जूनमध्ये शिट्टीसुद्धा ऑफिसात जमा. कारण ती कॉलेजची. गेटवर चौकीदाराला हुकूम, की ब्रेकवाल्यांना आत सोडायचं नाही. आणि स्पर्धा ऑगस्टमध्ये, म्हणजे सराव जूनमध्येच हवा. सरांनी उपाय काढला. मैदानाच्या भिंतीबाहेर रस्त्यावर स्कूटर स्टँडला लावायची, डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीटवर उभं राहायचं, हनुवटी भिंतीवर टेकवायची आणि तिथून शिकवायचं. नागपूरचा जून. डांबर चपलेला चिकटतं. आत आम्ही, बाहेर हे. एकदा मी म्हणालो, "सर, हे अपमानास्पद आहे. तुम्ही लेखी विरोध करा." सर म्हणाले, "इथून पूर्ण मैदान दिसते गा. आतून नाही दिसत इतकं."

सर पूर्ण मैदान म्हणाले खरं, पण पूर्ण ते कधीच नव्हतं. उजवा भाग संस्थेने लग्नाच्या लॉनसाठी तोडून घेतला होता. तिकडे चेंडू गेला की तो पत्र्यावरून मांडवात. एकदा तो थेट बुफेच्या रायत्यात पडला. सर माफी मागायला गेले, नवरीच्या मामाने त्यांना पाहुणा समजून जेवायला बसवलं, आणि सचिवांनी दुसऱ्या दिवशी नोटीस काढली की उजवीकडे चेंडू मारणाऱ्या खेळाडूस संघातून कमी करण्यात येईल. सर म्हणाले, "हो साहेब." तेव्हापासून आमचा संघ फक्त डावीकडे मारायला शिकला. जगात बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं दोन्हीकडे पसरलेलं असतं. आमचा अर्धाच पंखा.

आता मुख्य गोष्ट.

संघाची यादी सोळा जणांची असते. यादीवर प्रशिक्षकाची सही लागते. ती यादी स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी तयार व्हायची आणि त्याच दिवशी सचिवांच्या ऑफिसातून एक चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर एक नाव. ते नाव ज्याचं असेल त्याने बॅट पकडलेली असण्याची गरज नव्हती. सर चिठ्ठी वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि आम्हाला सांगायचे, "पंधरा आपले, एक संस्थेचा." हे ते अशा आवाजात म्हणायचे, जसं कोणी नैवेद्याचं पान बाजूला काढतं. सोळाव्याला गाडीत यावं लागत नसे, खेळावं लागत नसे. प्रमाणपत्र मात्र सोळाही जणांना सारखंच. त्यावर कोण खेळलं आणि कोण घरी झोपलं होतं ते लिहिलेलं नसतं. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी जागा राखीव असतात, म्हणून त्या कागदाला किंमत.

मी त्या पंधरांतला एक होतो त्या वर्षी आम्हाला राज्यात तिसरा क्रमांक मिळाला. तो कसा मिळाला तेही सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीत तेवढंच खरं आहे.

तिसऱ्या जागेच्या सामन्यात समोरच्या संघाने दोन डावांत आम्हाला ओळखलं. ही पोरं डावीकडेच मारतात. त्यांचे सगळे क्षेत्ररक्षक डावीकडे येऊन उभे राहिले, लग्नात फोटोला राहतात तसे. आमचं काही चालेना. शेवटच्या डावात दोघे जण दुसऱ्या-तिसऱ्या नाक्यावर अडकलेले, आम्ही एका गुणाने मागे, आणि बॅट प्रवीणच्या हातात. प्रवीणने उजवीकडे पाहिलं. तिकडे नुसतं गवत. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चेंडू उजवीकडे मारला. आम्ही सगळे ओरडलो. सर मात्र दचकून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "तिकडे कोणाचं लगन आहे बे?"

कोणाचंच नव्हतं. दोघेही घरी आले. सर खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड घालून बराच वेळ बसून राहिले.

त्या वर्षीचा सोळावा होता सचिवांचा भाचा, कुणाल. आम्ही परत आल्यावर कॉलेजच्या पायरीवर फोटो काढला, तेव्हा तो नवा कोरा गणवेश घालून आला. फोटोत तो मधोमध आहे. ग्लोव्ह उजव्या हातात घातलाय. उजव्या हाताने फेकणारा माणूस ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, ही पहिल्या दिवशीची गोष्ट. सर फोटोच्या कडेला अर्धे कापले गेलेत.

या फोटोला सहा वर्षं झाली. मधल्या काळात सरांनी जूनमागून जून अभ्यास करून कायम नोकरीसाठी लागणारी पात्रता परीक्षा पाचव्या प्रयत्नात पास केली. आणि कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची कायम जागा निघाली. आम्हा जुन्या पोट्ट्यांना वाटलं, झालं, आता जून संपला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखत दिली. पहिल्यांदाच वेगळ्या नोकरीसाठी.

जागा कुणालला मिळाली.

कागदोपत्री सगळं बरोबर. पात्रता परीक्षा तोही पास. खेळाडू म्हणून कामगिरी: राज्यात तिसरा क्रमांक, प्रमाणपत्र जोडलेलं. सरांची खेळाडू म्हणून बेसबॉलमधली कामगिरी: शून्य. कारण प्रशिक्षकाला प्रमाणपत्र नसतं, त्याची फक्त सही असते. आणि अनुभव? अनुभव सलग हवा होता. कुणालचा संस्थेच्याच शाळेत दोन वर्षं सलग, सरांचा दर जूनला तुटलेला. एकोणीस वर्षं मोडून ठेवलेला माणूस, मोडका आहे म्हणून नापास. आणि ज्या कागदाने त्यांना हरवलं त्यावर सही कोणाची, तर पुंडलिक नन्नावरे यांची.

मी पेटलो. पत्रक लिहिलं, "सोळावा खेळाडू." फोटोसकट छापून घेतलं, एक हजार प्रती. पण फोटोतल्या ग्लोव्हवरून चौकशी लागत नाही, उद्या म्हणतील डावखुरा आहे. हवा होता सरांचा जबाब, की कुणाल एकही सामना खेळलेला नाही, सही माझ्याकडून दबावाखाली घेतली. तो मीच लिहून, टाइप करून, रविवारी सकाळी उमरेड रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो.

सर ओट्यावर बसून चेंडू शिवत होते. उसवलेले चेंडू ते इतवारीतून आणलेल्या मेणाच्या दोऱ्याने स्वतः शिवतात. मी कागद पुढे केला. काकू चहा घेऊन आल्या, कागदाकडे पाहून म्हणाल्या, "सही मांगाले आला का? घे. सही देण्यात लय पटाईत आहेत हे."

सरांनी चष्मा लावून दोनदा वाचला. चांगला लिहिला आहे म्हणाले. मग विचारलं, "हे दिलं तर ते यादी मागवतीन ना?"

"मागवतीलच."

"कोणती?"

"त्या वर्षीची."

"त्यात नावं किती?"

मला कळलं होतं, पण त्यांनी वदवून घेतलंच.

"सोळा."

"यादी खोटी आहे असं मी लिहून देऊन राहिलो. मंग पंधरा खरे कसे ठरतीन? चौकशीवाले एक नाव नाही पाहत गा. अख्खी यादी थांबवतेत." दोरा दाताने तोडत म्हणाले, "प्रवीण वनरक्षक झाला, त्याच कागदावर. अजून प्रोबेशनवर आहे. त्याची माय आता ड्युटीवर नाही जात."

"आणि तुमचं काय, सर?"

"माझं काय. मी जुलैत रुजू होतो."

"सर, तुम्ही तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. पहिल्या चिठ्ठीला."

"हो," ते म्हणाले. "काहून नाही म्हटलं, ते मी पण इचारतो मले." आणि पुढचा चेंडू उचलला.

इथे वाचकांनी डोळे पुसायची तयारी केली असेल तर थांबा. मला त्यांचा त्याग वगैरे दिसला नाही. मला संताप आला. एकोणीस चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवणाऱ्या माणसामुळेच सचिव सचिव राहतात. मैदानावर चोरी ओरडून शिकवणारा हा माणूस खरी चोरी दर वर्षी आदल्या दिवशी हातात घेऊन वाचायचा आणि तिच्याखाली सही करायचा. पंधरा पोरांना खरं शिकवलं म्हणून सोळाव्या नावाखालची सही धुऊन निघत नाही. हे सगळं मी त्यांना ओट्यावर बसून ऐकवलं. ते ऐकत होते. मधे फक्त एकदा म्हणाले, "चहा पी, निवून राहिला."

घरी आल्यावर प्रवीणला फोन करून विचारायचं ठरवलं होतं. तुझी नोकरी पणाला लावतोस का, असं. नंबर काढला आणि ठेवून दिला. ज्याला असं विचारायचं तो वनरक्षक नसून सचिव असायला हवा होता.

जुलैत सरांची मुलाखत झाली, विसावी. या वेळी समितीत नवे संचालक कुणाल सर बसले होते. त्यांनीच विचारलं, "बेसबॉल म्हणजे काय, थोडक्यात सांगा." सरांनी सांगितलं. आत चहा नेणाऱ्या शिपायाने मला नंतर सांगितलं की कुणाल सर वहीत लिहून घेत होते.

त्यानंतर मी सरांकडे गेलो नाही. रागच होता. या जूनमध्ये आमच्या कंत्राटी शिक्षक समितीचं निवेदन द्यायला कॉलेजकडे गेलो, पाठीवरच्या पिशवीत न वाटलेल्या पत्रकांचा तोच गठ्ठा. उन्हं उतरत होती तरी रस्ता भाजत होता. भिंतीबाहेर स्कूटर, सीटवर सर, डोक्याला दुपट्टा, हनुवटी भिंतीवर. म्हटलं, ब्रेक चालू आहे, पोरं सराव करत असतील. भिंतीतल्या एका फटीतून आत डोकावलो.

आत पोरं नव्हती. सुट्टीच होती. अख्ख्या मैदानावर एकटे कुणाल सर, नवा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात ग्लोव्ह.

"डाव्या हातात घाला, सर," भिंतीवरून आवाज गेला. "हां. आता बोटं आभाळाकडे. चेंडूले घाबरू नका, तो तुमच्याकडेच येऊन राहिला."

सरांनी चेंडू उंच फेकला. कुणाल सर त्याच्याखाली धावले, डोळे मिटले, चेंडू खांद्याला लागून पडला.

"काही नाही, सर. दिसत होता, तुम्ही पाहिला नाही. अजून एक. नन्नावरे आहे ना इथं."

मी खालून विचारलं, "हे काय चालू आहे, सर?"

त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं. "सही माझी आहे ना त्या कागदावर. म्हटलं, खोटी आहे तर खरी करून टाकू. मागच्या आठवड्यात दहात एक घेत होता. आता चार घेऊन राहिला."

"आणि त्यानं तुम्हाला आत का नाही बोलावलं? आता तोच संचालक आहे."

"ब्रेक आहे ना," सर म्हणाले, जणू मी काहीतरी अडाणी विचारलं. मग आत ओरडले, "आता पळून दाखवा, सर. पहिलं नाकं, दुसरं नाकं. थांबू नका. घरी या, घरी या."

संचालक पळत होते. चुकीच्या दिशेने, तिसऱ्या नाक्याकडून. सर दोन्ही हात हलवून त्यांना फिरवायला लागले तशी सीट डुगडुगली आणि स्कूटर स्टँडवर पुढे सरकली.

"धरून ठेव गा जरा," सर मला म्हणाले. "सरकून राहिली."

हजार पत्रकांची पिशवी मी रस्त्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी स्कूटर धरली.